आरशात सरकलेला हत्ती

काटेसाहेब पटावर मोहरे सरकवतात, असं आधी शिंप्याने इस्त्रीवाल्याला सांगितलं, इस्त्रीवाल्याने चहावाल्याला, आणि चहावाल्याच्या कानावर एकदा गोष्ट गेली की ती वर्तमानपत्रात छापायची गरज उरत नाही. दुपारी निघालेली कुजबुज संध्याकाळी गल्लीच्या दुसऱ्या टोकाला पोचली तेव्हा तिला शिंगं-शेपूट सगळं फुटलेलं होतं. कुणी म्हणे, त्यांच्या खिशात जादा वजीर असतो. कुणी म्हणे, बाहीत प्यादी लपवतात. घोडा अडीच घरं चालतो की साडेतीन, हे ज्यांना ठाऊक नव्हतं ते सगळ्यात ठामपणे बोलत होते. हे नेहमीचंच.

आता काटेसाहेब कोण, ते आधी सांगायला हवं. नाहीतर या चहाडीला इतका रंग का चढला ते कळायचं नाही.

‘काटे’ हे त्यांचं आडनाव नव्हे. वजनमापे खात्यात एकतीस वर्षं तपासनीस होते, म्हणून बाजाराने ठेवलेलं हे नाव. पितळी वजनांची लाकडी पेटी हातात घेऊन ते मंडईच्या दारात दिसले की आत आरोळी उठायची, “काटा आला रे!” आणि निम्म्या दुकानदारांना एकदम घरची आठवण व्हायची. लग्नाच्या पहिल्याच वर्षी त्यांनी सख्ख्या सासऱ्याच्या दुकानातला तराजू किलोमागे दहा ग्रॅमने खोटा निघाला म्हणून सील केला होता. बायको पंधरा दिवस बोलली नाही. सोळाव्या दिवशी म्हणाली, “तराजू हजार असतात हो, सासरा एकच असतो.” यावर काटेसाहेब म्हणाले, “एकच होता म्हणून बरं.” पुढे आणखी आठ दिवस अबोला.

तर असा हा माणूस. हा मोहरे सरकवतो म्हटल्यावर गल्लीला केवढी उकळी फुटली असेल! साधा माणूस घसरला तर लोक हात देतात. सरळ चालणारा घसरला तर आधी टाळ्या वाजतात.

बायको गेल्यावर त्यांना घरात बसवेना. भांडायलाही कुणी नाही, असं घर म्हणजे काय घर! मग ते रोज दुपारी तीनला वस्तादांच्या सलूनमध्ये जाऊ लागले. तशी वस्तादांशी ओळख जुनी, तीस वर्षांची, दर महिन्याच्या केसांपासूनची. दुकान लांबट: दोन खुर्च्या, समोर या टोकापासून त्या टोकापर्यंत आरसा, मागे गिऱ्हाइकांचा बाक, आणि बाकाच्या कडेला एका स्टुलावर कायम मांडलेला बुद्धिबळाचा पट. वस्ताद म्हणजे सलूनचे मालक, गोल चेहऱ्याचे, बोलघेवडे. त्यांची तिशीतली लेक दुसऱ्या खुर्चीवर काम करायची.

वस्तादांची खेळायची तऱ्हा मात्र जगावेगळी. त्यांचे हात गिऱ्हाइकाच्या डोक्यात अडकलेले, त्यामुळे ते पटाकडे पाठ करून खेळायचे. पट सगळा डोक्यात. तोंडाने चाल सांगायची. ती पटावर करायचे काटेसाहेब, आणि आपली उलट चालही तेच मोठ्याने सांगायचे. दोघांचे मोहरे एकाच्या हातात. आरशातून पट दिसू नये म्हणून स्टुलासमोरच्या भागात वस्तादांनी तेलाच्या बाटल्यांची रांग लावली होती.

“राजाकडचा घोडा काढ बाहेर.”

“काढला. माझं वजिरापुढचं प्यादं एक घर.”

“एकच घर? भितोस काय काट्या? मान खाली घ्या हो साहेब, कान कापला जाईल. उंट घाल त्याच्या बोकांडी.”

खुर्चीतलं गिऱ्हाईक विचारायचं, “वस्ताद, लक्ष आहे ना इकडे?”

“डोकं तुमचं, डाव माझ्या डोक्यात. दोन्हीकडे लक्ष आहे. काळजी करू नका, तुमच्या डोक्यात फारसं काही नाही, लवकर उरकेल.”

दहातले पाच-सहा डाव वस्ताद जिंकायचे आणि दाराशी उभं राहून गल्लीला ऐकू जाईल असं सांगायचे, “काटा मोडला!”

रविवारी सकाळी काटेसाहेब वाचनालयात मुलांना बुद्धिबळ शिकवायचे. डझनभर पोरं. त्यांची शिकवणी म्हणजे निम्मं बुद्धिबळ आणि निम्मी कानउघाडणी. मोहऱ्याला हात लावला की तो हलवायचाच. आधी विचार, मग हात. हरलास तर रडायचं घरी जाऊन, इथे आधी हात पुढे करायचा. आणि डाव अडला की ते पोरांना उठवायचे. “जा, समोरच्या खुर्चीत बस. त्याच्या जागेवरून पट बघ. तुला जो पट दिसतोय तोच त्याला दिसतोय असं समजू नकोस.” पोरं हसत जागा बदलायची. एक धिटुकली म्हणाली होती, “सर, मग मी माझ्याशीच हरेन की!” काटेसाहेब म्हणाले, “मोठी झालीस की रोज हरशील.”

मग एका दुपारी ते घडलं. वस्ताद एका जाडजूड कंत्राटदाराच्या मानेवरून मशीन फिरवत होते. डाव मध्यावर आलेला. वस्ताद खुशीत म्हणाले, “हत्ती घाल खाली, सातव्या ओळीत. आता कुठे पळशील, काट्या?”

काटेसाहेबांनी पटाकडे पाहिलं. वस्तादांचा हत्ती कोपऱ्यात होता, जन्मल्या जागी, आणि त्याच्या तोंडासमोर त्यांचंच प्यादं. तिथून तो सातव्या ओळीत उडूनही गेला नसता. हत्ती मधल्या मोकळ्या पट्टीत आणायची चाल वस्तादांनी मनात केली होती, पण सांगितलीच नव्हती. म्हणजे त्यांना वाटत होतं की सांगितली.

“अरे, तुझा हत्ती...” काटेसाहेबांनी तोंड उघडलं.

“काय झालं माझ्या हत्तीला?”

बाटल्यांच्या वरून आरशात वस्तादांचा चेहरा दिसत होता. हनुवटी वर, डोळे बारीक केलेले. पहिल्यांदा स्वतःच्या हाताने बुटाची नाडी बांधलेल्या पोरासारखा खूश.

चूक कुणाचीही होते. पण काटेसाहेबांना त्याच आठवड्यातल्या आणखी दोन गोष्टी आठवल्या. वस्तादांनी एकाच गिऱ्हाइकाच्या केसांवर तीनदा पाणी मारलं होतं. आणि परवा त्यांनी सहज विचारलं होतं, “लेक शाळेतून आली का रे?” लेक तेव्हा शेजारच्या खुर्चीवर एकाचे केस कापत होती. सगळे हसले, वस्तादही हसले. काटेसाहेबांनी खात्यात असताना नव्या पोरांना हजारदा सांगितलं होतं, काटा एकदा चुकला तर वारा असेल. तीनदा चुकला तर तराजू बिघडला म्हणून लिहा.

त्यांनी लिहिलं नाही. उजव्या हाताच्या दोन बोटांनी हत्ती उचलला, आवाज न करता मधल्या पट्टीत ठेवला, आणि मग तिथून ठक्कन सातव्या ओळीत. चाली दोन झाल्या. वस्तादांना एकच ऐकू आली.

“काय झालं माझ्या हत्तीला, म्हटलं!”

“माजलाय,” काटेसाहेब म्हणाले. “दुसरं काय.”

त्या रविवारी वाचनालयात एका पोराने समोरच्याची नजर चुकवून प्यादं पुढे ढकललं. पोरं ओरडली, “सर, लबाडी!” काटेसाहेबांनी नेहमीसारखं भाषण द्यायला तोंड उघडलं आणि मिटलं. “मागे घे,” एवढंच म्हणाले. पोरांना वाटलं, सरांचा घसा बसलाय.

मग ते रोजचंच झालं. आज घोडा, उद्या प्यादं. कधी मघाशीच मारला गेलेला उंट वस्तादांच्या डोक्यात जिवंतच असायचा. मग त्याला डबीतून उठून पटावर यावं लागे. वस्तादांच्या डोक्यात जो पट होता, तोच काटेसाहेब स्टुलावर मांडत होते. खरा पट कुठला, हा प्रश्न त्यांनी सोडून दिला. इतकी वर्षं खरं वजन सांगण्यात गेलेला हा माणूस रोज तीन ते पाच खोटं तोलत बसायचा, आणि घरी जाऊन हात धुवायचा.

एक गोष्ट मात्र त्यांनी केली. वस्ताद चहाला गेले असताना ते लेकीला म्हणाले, “बाळ, दाढ्या आजपासून तू कर. बाबांच्या हातात वस्तरा देऊ नकोस.”

“का हो काका?”

“केस कापू दे. कात्रीला काही होत नाही. वस्तरा नको.”

लेकीच्या हातातला कंगवा थांबला. तिने पटाकडे बघितलं, मग त्यांच्याकडे. “काका, घरी ते आईला हाका मारतात. आई जाऊन नऊ वर्षं झाली.” तिने ओठ दाबून धरले. “तुम्हाला कधीपासून माहीत आहे?”

“हत्तीपासून.”

“मग दुकान बंद करू?”

“दुकान बंद केलंस तर ते आठवड्यात संपतील. इथे आले की त्यांना वाटतं, डोकं जागेवर आहे. तेवढं राहू दे. जोवर राहील तोवर.”

चौदा महिने राहिलं. एवढा काळ गल्लीत एखादी गोष्ट लपून राहिली, हाच खरा चमत्कार.

मग आला शिंपी. दोन दुकानं सोडून त्याचं दुकान. त्याची सुई एक टाका घालायची तोवर जीभ दहा घालायची. तोंडाला फेस लावून तो लेकीच्या खुर्चीत रेलला होता. नेमकी त्या दिवशी तेलाच्या बाटल्यांतली एक संपलेली, रांगेत फट पडलेली. फटीतून त्याला आरशात पट दिसला, पटावर हात दिसला, आणि वस्तादांनी एकच चाल सांगितली असताना त्याआधी एक हत्ती गुपचूप तीन घरं सरकलेला दिसला. त्याला बुद्धिबळातलं ओ का ठो कळत नव्हतं. हत्ती कुणाचा होता, कुणाच्या फायद्याचा होता, हे त्याने कशाला बघावं? चोरून हलला, म्हणजे चोरी झाली. शिवाय वर्षभर वस्ताद रोज दाराशी येऊन “काटा मोडला!” म्हणून ओरडत होते, ते सगळ्यांनी ऐकलेलं. तेव्हा हिशेब सोपा होता: म्हातारा हरायला लागला, म्हणून सरकवायला लागला.

पुढचं तुम्हाला ठाऊक आहे. इस्त्रीवाला, चहावाला, शिंगं, शेपूट.

चौथ्या दिवशी बाक भरलेला होता. काही लोकांचे केस वाढलेले नव्हते, कान वाढलेले होते. डाव रंगात आला असताना शिंपी दारातून म्हणाला, “वस्ताद, पाठ करून खेळू नका हो. पाठीमागे बरंच काही सरकतं म्हणे.”

वस्तादांनी कात्री ठेवली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा ते डाव चालू असताना पटाकडे वळले.

“काट्या, हा काय म्हणतोय?”

काटेसाहेबांनी हातातलं प्यादं डबीत ठेवलं.

“अरे बोल ना! सांग त्याला, तोंड सांभाळ म्हणून.” वस्ताद शिंप्याकडे वळले. “माझ्या दोस्ताबद्दल बोलतोस? या माणसाने सासऱ्याचा तराजू सील केलाय! थांब, आत्ता दाखवतो. काट्या, पट पुसून टाक. पहिल्या चालीपासून पुन्हा मांडू. मी एकेक चाल सांगतो, सगळ्यांसमोर. आपोआप कळेल कुणी काय सरकवलंय ते.”

“मांडा, मांडा!” बाकावरून आवाज आला.

काटेसाहेबांनी पटाकडे बघितलं. त्या पटावर वस्तादांचा एक मेलेला उंट उभा होता, दोन प्यादी भलत्याच घरात होती, आणि हत्ती जिथे होता तिथे तो कुठल्याच रस्त्याने पोचू शकत नव्हता. दहा चालींच्या आत सगळ्या गल्लीला कळलं असतं. शिंप्याला कळलं असतं, त्याचं काही नाही. पण वस्तादांना कळलं असतं. कंगवा हातात धरून, गिऱ्हाइकांसमोर, लेकीसमोर.

लेकीने तोंड उघडलं. काटेसाहेबांनी किंचित मान हलवली: नाही.

मग त्यांनी तळहात पटावरून फिरवला. मोहरे स्टुलावरून खाली सांडले. “मांडायची गरज नाही,” ते म्हणाले. “सरकवले मी.”

एक प्यादं घरंगळत वस्तादांच्या पायाशी येऊन थांबलं.

“का रे?” वस्तादांचा आवाज अगदी लहान झाला होता.

“हरत होतो म्हणून.”

“इतकी वर्षं माझी पाठ होती तुझ्याकडे.” वस्ताद थांबले. “पाठ होती रे, काट्या.”

काटेसाहेबांनी हात पुढे केला, हरलेल्याने करायचा असतो तसा. वस्तादांनी तो घेतला नाही. “ऊठ,” म्हणाले. “या बाकावर परत बसायचं नाहीस.”

लेक मागोमाग रस्त्यात धावत आली. “काका, मी सांगते सगळ्यांना. आत्ता जाऊन सांगते.”

“सांगितलंस तर त्यांनाही कळेल.”

“पण तुमचं नाव...”

“माझ्या नावाला काही कळत नाही. त्यांना कळतं. जा, दुकानात गिऱ्हाईक बसलंय.”

रविवारी वाचनालयात ग्रंथपाल बाईंनी त्यांना कपाटाशी गाठलं. टेबल पुसल्यासारखं करत म्हणाल्या, “माझं काही म्हणणं नाही हो. पण पालकांचं जरा... मुलांवर संस्कारांचा प्रश्न आहे, नाही का?”

“बरोबर आहे पालकांचं,” काटेसाहेब म्हणाले आणि पटांच्या कपाटाची किल्ली त्यांच्या हातात दिली. खोलीत पोरं पट मांडून बसली होती. ती धिटुकली दाराकडे बघत होती. ते आत गेले नाहीत.

आणि गंमत बघा, म्हणजे याला गंमत म्हणायची तर. बाक रिकामा झाल्यावर वस्तादांनी बँकेतल्या एका कारकुनाला खेळायला बसवलं. तिसऱ्याच डावात वस्ताद म्हणाले, “वजिराने उचल तो घोडा.” कारकून म्हणाला, “कुठला वजीर? तुमचा वजीर मघाशीच गेला.” वस्ताद म्हणाले, “थट्टा करतोस?” वळून बघितलं. बराच वेळ बघत राहिले. बाक हसला. वस्तादांनी कंगवा खिशात घातला आणि गिऱ्हाईक अर्धं कापलेलं सोडून आतल्या खोलीत जाऊन बसले. नऊ दिवसांत सगळ्या गल्लीला कळलं की वस्तादांचं डोकं चालत नाही. हळहळले सगळे. पण या गोष्टीची सांगड त्या गोष्टीशी कुणी घातली नाही. चहाडी एकदा पोटात गेली की पचून जाते, तिची उजळणी कोण करतो?

काटेसाहेबांनी वर्षभर केस दुसऱ्या गल्लीत कापून घेतले. तिथे कुणी मान खाली घ्या म्हणून दरडावत नव्हतं, आणि केसही वाईट कापत. मग एका दुपारी तीनला त्यांचे पाय आपोआप जुन्या दाराशी आले. लेकीने बघितलं. हातातला कपडा झटकला आणि रिकाम्या खुर्चीकडे बोट केलं. वस्ताद बाकावर बसले होते, स्वच्छ दाढी केलेले, मांडीवर हात ठेवून. पट नव्हता. स्टुलावर मासिकं होती.

“या साहेब, या,” वस्ताद म्हणाले. “पहिल्यांदा येताय वाटतं?”

“हो,” काटेसाहेब म्हणाले.

“लेक कापेल. माझ्यापेक्षा चांगला हात आहे तिचा.” मग जरा पुढे झुकून, गुपित सांगितल्यासारखं, “बुद्धिबळ येतं तुम्हाला?”

“थोडंसं.”

“इथे एक जण यायचा. दोस्त होता माझा. खेळायचा झकास, पण लबाड. मागच्या मागे मोहरे सरकवायचा.”

लेकीची कात्री थांबली.

“मग?” काटेसाहेबांनी आरशातून विचारलं.

“मग काय, हाकलला त्याला.” वस्तादांनी दाराकडे बघितलं. “पण तीन वाजले की मला वाटतं, येईल. येत नाही. लाज वाटत असेल.”

“वाटत असेल,” काटेसाहेब म्हणाले.

“दिसला कुठे तर सांगा त्याला. म्हणावं, ये. सरकव हवं तर.” जरा वेळाने त्यांनी विचारलं, “नाव काय बरं त्याचं?”

मान खाली घ्यायला कुणी सांगितलं नव्हतं, तरी काटेसाहेबांनी ती खाली घेतली. लेकीने मागून केस झटकले, पुन्हा झटकले, उगाचच. बाहेर पडताना तिने दाराशी विचारलं, “काका, आता तरी सांगू का लोकांना?”

“ज्याच्यापासून लपवायचं होतं तोच कुठे राहिलाय,” ते म्हणाले. “सांग, नको सांगूस. मला काही फरक पडत नाही.”

तिने सांगितलं. शिंप्याने हातातलं काम थांबवून सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, “असेल बुवा. पण सरकवले तर होते ना?”

होते. काटेसाहेबांनी चौदा महिने, जवळजवळ रोज, पटावर मोहरे सरकवले. दर वेळी वस्तादांचेच, आणि वस्तादांना ते जिथे आहेत असं वाटत होतं तिथेच. त्या चौदा महिन्यांत ते एकही डाव जिंकले नाहीत.